संच क्रमांक सात

कुंकू मी लावलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या दिवशी ते सांगायला हवं होतं त्या दिवशी मला उशीर झाला.

जळगावच्या बाहेर हायवेला लागून एक आरोग्यविज्ञान महाविद्यालय आहे. नर्सिंगची आणि फिजिओथेरपीची मुलं तिथे शिकतात. मी तिथला ग्रंथपाल. साठाव्या वर्षी निवृत्त झालो, पण माझ्या जागी कोणी आलंच नाही, म्हणून आज अडुसष्टाव्या वर्षीही त्याच खुर्चीवर बसतो. मुलं मला हिलाल नाना म्हणतात. पुस्तकाच्या देण्याघेण्यापुरतं मला बोलता येतं. त्यापलीकडे कोणी काही विचारलं की जीभ टाळूला चिकटते. म्हणूनच बहुधा या कामात टिकलो. चांगला ग्रंथपाल आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमागे एक लोखंडी कपाट आहे. त्यात माणसांची खरी हाडं आहेत. अकरा संच. प्रत्येक संच मांजरपाटाच्या पिशवीत, पिशवीवर ग्रंथालयाचा शिक्का आणि फोन नंबर, आणि प्रत्येक हाडावर काळ्या शाईने घातलेला बारीक आकडा. पुस्तकासारखेच हे संच पंधरा दिवसांसाठी घरी मिळतात. हाड हातात घेऊन फिरवल्याशिवाय, त्याच्या खाचेत बोट घातल्याशिवाय ते कळत नाही. ज्यांच्या घरची परिस्थिती बरी, ती मुलं बाजारातून प्लॅस्टिकचा सांगाडा आणतात. बाकीची माझ्याकडे येतात.

दिपमाला त्यातली. नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. बारावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली आणि आता फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात. पहिल्या महिन्यात पुस्तकाचं एक पान वाचायला तिला संध्याकाळ लागायची. ती पान घेऊन माझ्या टेबलाशी येई, मी शब्दकोश उघडी, आणि आम्ही दोघं एकेक शब्द सोडवत बसू.

"नाना, हे ग्रूव्ह म्हणजे आपली चरच ना?" ती विचारायची.

"चरच."

"मग चर म्हणायला यांच्या बापाचं काय जात होतं?"

आमचा शिपाई झुलाल पलीकडून हसायचा. "नाना, ही पोरगी परीक्षेत चर लिहून येईल आणि नापास झाली की तुमचं नाव सांगेल."

त्या शब्दांची एक वही मी करायला घेतली. हळूहळू दुसरी मुलंही तिच्या झेरॉक्स काढून नेऊ लागली. माझ्या आयुष्यात मी केलेलं बरं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर ती वही दाखवता येईल.

आता कुंकवाचं. खंडेनवमीला आम्ही ग्रंथालयात पूजा करतो. पुस्तकं, शिक्के, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गेली वीस वर्षं मी त्या दिवशी लोखंडी कपाटही उघडतो आणि आत असतील त्या सगळ्या कवट्यांच्या कपाळावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवतो. हे मी एकट्याने करतो. फक्त झुलालला ठाऊक आहे. ही माणसं कोण होती, कुठे मेली, त्यांचं कोणी काही केलं की नाही, कशाचीच नोंद नाही. मुलं त्यांच्यावर शिकतात. वर्षातून एकदा कोणीतरी त्यांना हात लावून नमस्कार करावा, एवढंच मनात असतं. दुसऱ्या दिवशी ओल्या कापसाने मी ते पुसून टाकतो. हाड कुंकू पितं, त्याहून उशीर झाला तर डाग राहतो.

या वर्षी पूजा आटोपून मी हात धूत होतो तोच दिपमाला आली. सुट्टीत ती गावी जाणार नव्हती, पिंप्राळ्यात खोलीवर राहूनच अभ्यास करणार होती. तिला संच हवा होता. बाकीचे दिलेले होते किंवा अपुरे होते, पुरता भरलेला एकच होता, सात क्रमांकाचा. त्याच्या कवटीवर माझं कुंकू अजून ओलं होतं.

मी ते पुसायला हवं होतं. कापूस खिशात होता. पण तिच्यासमोर पुसायचं म्हणजे आधी कारण सांगायचं, आणि म्हातारा हाडांची पूजा करतो हे ऐकून ती हसेल, झुलालला सांगेल, वर्गात सांगेल. मला लाज वाटली. मी तिची पाठ वळेपर्यंत थांबलो, कवटी कुंकवासकट पिशवीत घातली, नाडी ओढली, रजिस्टरवर तिची सही घेतली.

"सांभाळून ने," मी म्हणालो.

"नाना, मेलेलं माणूस आहे, पळून नाही जाणार," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ग्रंथालयाचा फोन वाजला.

"नाना, मी दिपमाला. नाना, दार तोडू राहिले."

"कोण?"

"सगळी गल्ली. कुंदाकाकूंनी माझी पिशवी उघडली. कवटी बाहेर काढली. मी डाकीण आहे म्हणतात. त्यांच्या सुनेचं बाळ मी खाल्लं म्हणतात. नाना, तुम्ही या. हाडं लायब्ररीची आहेत एवढं येऊन सांगा, तुम्ही सांगितलं तर..."

लाकूड फुटल्याचा आवाज आला. एक बाई किंचाळली, "धर तिचे केस!" मग फोन कुठेतरी पडला आणि पडल्या जागी चालूच राहिला. चपलांचे आवाज, भांडं आपटल्याचा आवाज, आणि मधूनच दिपमालाचा, पण त्यात शब्द नव्हते. मी तो ऐकत उभा राहिलो. झुलालने माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला, ऐकला, खाली ठेवला आणि आपल्या मोबाइलवरून पोलिसांना फोन लावला.

कुंदाबाई म्हणजे तिची घरमालकीण. तिचा मुलगा रुपचंद रिक्षा चालवतो. रुपचंदच्या बायकोचं सहाव्या महिन्यात बाळ गेलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे पहिलंच होतं. हे मला नंतर कळलं. घरात रडारड चालू असताना कुंदाबाई भाडेकरणीच्या खोलीत पाण्याची टाकी पाहायला शिरली आणि कॉटखाली तिला ती पिशवी दिसली.

झुलालच्या स्कूटरवर मी मागे बसलो. छातीशी देवघेवीचं रजिस्टर धरलं होतं.

"ते कशाला घेतलं?" झुलालने विचारलं.

"पुरावा आहे. शिक्का आहे, तारीख आहे, तिची सही आहे."

"तिथे लोकं काय वाचायला बसले आहेत?"

मला खरोखरच असं वाटत होतं की शिक्का पाहिला की माणसं शांत होतात. मी तरी होतो.

पिंप्राळ्याच्या पुलावर चढताना मी म्हणालो, "झुलाल, सात नंबरचं कुंकू मी पुसलं नव्हतं."

त्याने स्कूटरचा वेग कमी केला. मान थोडी वळवली. "कवटीला कुंकू आहे?"

"आहे."

"मग नाना, तिथे गेल्या गेल्या तेच पहिलं सांगा. रजिस्टर-बिजिस्टर मागून. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. चाळीस-पन्नास माणसं असतील. बायका ओट्यांवर चढून पाहत होत्या. किती तरी हात वर होते आणि प्रत्येक हातात मोबाइल. झुलाल कोपरांनी वाट काढत पुढे आणि मी त्याच्या पाठीला चिकटून मागे. पायाखाली काहीतरी कचकन मोडलं. पाहिलं तर बरगडी होती. पुढे मणके विखुरले होते, माझ्या हस्ताक्षरातले आकडे वर आलेले. एक माणूस खांद्याच्या पात्याच्या हाडावर टाच आपटत होता आणि प्रत्येक टाचेला शिवी देत होता.

दिपमाला घरासमोरच्या धुण्याच्या दगडाशी गुडघ्यांवर होती. दोन बायकांनी तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली होती. ओढणी नव्हती, बाही खांद्यापासून फाटली होती, एक डोळा सुजून बंद झाला होता. नाकातून आलेलं रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. तिसरी एक बाई चपलेने तिच्या तोंडावर मारत होती. ती रागाने मारत नव्हती, धुणं बडवावं तशी मारत होती. एक मारून हात बदलायची.

"बोल! अजून कोणाचं खाल्लं?"

"काकू, मी नाही... कॉलेजची हाडं आहेत..."

"कॉलेजची म्हणे! माझ्या सुनेची कूस रिकामी केली आणि कॉलेजची म्हणते!" ही कुंदाबाई. साठीची, बारीक अंगाची बाई. ती स्वतः मारत नव्हती. ती आपल्याच छातीवर मुठी मारून घेत होती.

मधोमध रुपचंद उभा होता. तिशीचा, खाकी शर्ट, दाढी वाढलेली. त्याच्या डाव्या हातात कवटी होती आणि उजव्या हातात रिक्षाचं चाक खोलायचा लोखंडी पाना. तो रडत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं भान नव्हतं.

दिपमालाला मी दिसलो. तिचा उघडा डोळा माझ्यावर थांबला.

"नाना," ती म्हणाली. "हे आमच्या लायब्ररीचे नाना. विचारा यांना."

पन्नास माणसं माझ्याकडे वळली. एवढी माणसं माझ्याकडे एकाच वेळी पाहताहेत असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नव्हतं.

"हे... हे रजिस्टर," मी म्हणालो. "संच क्रमांक सात. दोनशे सहा हाडं. ही तारीख. ही हाडं महाविद्यालयाची आहेत, अभ्यासासाठी देतो आम्ही, हा शिक्का..."

"काय बोलू राहिला म्हातारा? जोरात बोल!" मागून कोणीतरी ओरडलं.

रुपचंद माझ्याजवळ आला. त्याने कवटी माझ्या तोंडासमोर धरली. पाच दिवसांत कुंकू वाळून गडद झालं होतं. माझ्या बोटाचा ठसा त्यात स्पष्ट दिसत होता.

"कॉलेजची आहेत?" तो म्हणाला. "मग हे काय आहे, बाबा? कॉलेजात हाडांना कुंकू लावून देतात? हळदीकुंकवाचं वाण म्हणून देतात का?"

दोघंतिघं हसले.

"सांग ना. कुंकू कोणी लावलं?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. तीनच शब्द होते. झुलालने मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी रुपचंदच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. त्याच्या टोकाला ग्रीस होतं आणि त्यावर दोन लांब केस चिकटले होते. मी मान खाली घातली आणि रजिस्टरचं पान उलटलं. नोंद समोरच होती. तरी मी पान उलटलं आणि त्यावर बोट फिरवत काहीतरी शोधू लागलो. काय शोधत होतो ते मला आजही सांगता येत नाही.

"याला माहीत नाही," रुपचंद म्हणाला आणि वळला. "हिनेच लावलं. कोणत्या हाताने लावलं ग? ह्या?"

बायकांनी तिचा उजवा हात ओढून दगडावर पालथा केला. एकीने मनगटावर पाय दिला.

"नका! मी नाही लावलं, ते आधीपासून होतं, आई ग, नाना..."

पाना खाली आला. आवाज मोठा नव्हता. ओलं लाकूड मोडल्यासारखा. दिपमालाचं तोंड उघडलं पण आवाज यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा ओट्यावरच्या काही बायकांनी कान झाकले. मोबाइल धरलेले हात तसेच वर राहिले. मी रजिस्टरकडे पाहत होतो. मला तिसऱ्या रकान्यातली तिची सही दिसत होती, मराठीत केलेली, वेलांटी लांब ओढलेली.

पाना दुसऱ्यांदा खाली आला.

"मी लावलं," मी म्हणालो.

ते कोणालाच ऐकू गेलं नाही. माझं मलाही नीट ऐकू आलं नाही. रुपचंदने तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी पुढे जाऊन त्या हाताला लोंबकळलो. "मी लावलं! कुंकू मी लावलं! खंडेनवमीला मी लावलं, तिला माहीत पण नाही!"

रुपचंदचा उचललेला हात थांबला.

"का?" रुपचंदने विचारलं.

"पूजा असते. पुस्तकांची करतो तशी हाडांची. त्यांचं कोणी नाही म्हणून... पुसायचं राहून गेलं."

"म्हणजे मांत्रिक हा आहे!" मागून आवाज आला. "मास्तर हा, आणि ती चेली!"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. रजिस्टर हातातून गेलं. चष्मा गेला. कोणीतरी मागून लाथ घातली आणि मी मणक्यांवर पडलो, माझ्याच आकडे घातलेल्या मणक्यांवर. बरगडीत कळ आली. तोंडात मीठ आल्यासारखं झालं आणि एक दात जिभेवर लागला. कोणाचा तरी गुडघा माझ्या मानेवर होता. खरं सांगायचं तर त्या वेळी मला बरं वाटलं. निदान आता मार योग्य माणसाला बसतो आहे.

वरून झुलालचा आवाज येत होता. तो ओरडत नव्हता, शिव्या घालत होता.

"अरे ए रुपचंद्या! ती रिक्षा कोणाची आहे रे? तुझीच ना? तिच्या टपावर कुंकवाचं स्वस्तिक कोणी काढलं? सुकलेला हार अजून लटकू राहिला तिला! तू काय रिक्षावर करणी केली? आणि त्या ओट्यावरच्या तुझ्या आईच्या शिलाई मशीनला कोणी कुंकू लावलं? आं? सगळ्या गल्लीने दसऱ्याला हत्यारं पुजली, ती पूजा, आणि आमच्या म्हाताऱ्याने पुजलं तर जादूटोणा? बोला ना रे! मोबाइल काढा, हे पण काढा!"

मानेवरचा गुडघा सैल झाला.

रिक्षा तिथेच उभी होती, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. झेंडूचा हार काळा पडला होता. टपावर, पुढच्या काचेवर, चाकांवर कुंकवाची बोटं होती. लोक तिच्याकडे पाहू लागले. कुंदाबाई पाहू लागली. ती बोटं तिचीच होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जमिनीवर बसली.

"बाई," कोणीतरी हळूच म्हणालं, "दसऱ्याचंच आहे ते."

रुपचंदने पान्याकडे पाहिलं. मग दगडावरच्या त्या हाताकडे. त्याला हाताचा आकार राहिलेला नव्हता. त्याने पाना खाली टाकला नाही, नीट ठेवला, भिंतीला टेकवून. "माझं बाळ मग कशाने गेलं?" त्याने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही. मागची माणसं एकेक करून सरकू लागली होती. ज्या बाईने मनगटावर पाय दिला होता तीच आता "पाणी आणा गं पोरीला" म्हणत होती. पोलिसांची गाडी आली तेव्हा गल्लीत पंधरा माणसंही उरली नव्हती.

म्हणजे हे एवढंच पुरेसं होतं. दसरा हा एक शब्द. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच मी तो बोललो असतो तर पाना वर गेलाच नसता, हे मी त्या मणक्यांवर पडल्या पडल्या समजून चुकलो.

दिपमालाच्या तळहाताची तीन हाडं आणि मनगटाचं एक मोडलं होतं. आत धातूच्या पट्ट्या टाकाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, मूठ कितपत वळेल ते सहा महिन्यांनी कळेल. फिजिओथेरपीचं सगळं काम हाताचं. हे त्यांनी तिला सांगायची गरज नव्हती, आणि त्यांनी सांगितलंही नाही.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. वृद्ध ग्रंथपालाने जमावात शिरून विद्यार्थिनीचे प्राण वाचवले, असं छापलं होतं. संचालकांनी शाल दिली. मी ती घरी नेली नाही, ग्रंथालयातच ठेवली आहे. ठाण्यात हवालदाराने माझा जबाब घेतला तेव्हा मी म्हणालो, "मी आधी गप्प बसलो होतो, तेही लिहा." तो म्हणाला, "काका, गप्प बसायचं कलम नाही. सही करा."

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तिला हव्या असलेल्या प्रकरणाची झेरॉक्स आणि शब्दांची वही घेतली होती. दारातच तिचे वडील अमृत आबा भेटले. पांढरी टोपी, धुळीचे जोडे, डोळे लाल. त्यांनी मला पाहिलं आणि भर वऱ्हांड्यात वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्यापेक्षा ते फार तर चार-पाच वर्षांनी लहान असतील.

"नाना, तुम्ही व्हतात म्हणून मन्ही पोर वाचनी," ते म्हणाले. "बठ्ठं गाव तुम्हनं नाव लेस."

मी त्यांना उठवलं. सगळं गाव माझं नाव घेतं, म्हणे. ते चहा आणायला गेले आणि मी आत गेलो.

दिपमाला उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधून वर टांगला होता. चेहऱ्यावरची सूज उतरून आता जांभळं-हिरवं राहिलं होतं. मांडीवर पुस्तक होतं. पान मिटू नये म्हणून तिने ते डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरलं होतं.

"दिपमाला," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं आहे."

तिने मान वर केली नाही.

"त्याने विचारलं, कुंकू कोणी लावलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. झुलालने वाटेत सांगितलंही होतं. मी घाबरलो. मी दोन घाव पडू दिले, मग बोललो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, सुटले. तो विचारत होता तेव्हा मी तुमच्याकडेच पाहत होते. तुमचं तोंड पाहिलं आणि कळलं तुम्हीच लावलं म्हणून. मग तुम्ही रजिस्टरात पाहायला लागलात."

बाजूच्या खाटेवरची बाई कण्हत होती. नर्स तिचं सलाइन बदलून गेली.

"तुला कळलं होतं तर तू का नाही बोललीस?" मी विचारलं. "यांनी लावलं, एवढं म्हणायचं. तुला सोडलं असतं त्यांनी."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

तिने दाबून धरलेलं पान सोडलं, ते मिटलं, आणि तिने ते एका हाताने पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. मी मदतीला हात पुढे केला तर तिने पुस्तक आपल्याकडे ओढलं.

"हे आबांना सांगायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आई म्हणते बस झालं शिक्षण, पोरीला घरी आणा. आबा एकटेच नाही म्हणतात. का नाही म्हणतात, माहीत आहे? तिथे हिलाल नाना आहेत म्हणून. तुम्ही आता खरं सांगून मोकळे झालात तर मी गेले गावी. समजलं?"

"समजलं."

"मला माफ केलं म्हणून नाही सांगत. मला परीक्षा द्यायची आहे."

आबा चहा घेऊन आले. कागदी पेला त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. चहा फार गोड होता आणि पडलेल्या दाताच्या जागी झोंबत होता.

"नाना," आबा म्हणाले, "हिन्ही माय आयकत नही. पण मी हिले तुम्हना भरवसावर ठेवी जास. ठेवू ना?"

दिपमाला पुस्तकात पाहत होती. तिचा अंगठा पानावर होता आणि नख पांढरं पडलं होतं, इतका तिने तो दाबला होता.

"ठेवा," मी म्हणालो.

आबांनी आनंदाने माझ्या खांद्याला हात घालून मला जवळ ओढलं. त्या बाजूच्या बरगडीला चीर होती. मी हललो नाही. ते बराच वेळ तसेच धरून उभे होते.